पंतनगरच्या दवाखान्यातून अडीच लाखांच्या संपापर्यंत : डॉ. दत्ता सामंत कुठे जिंकले आणि गिरणीतच का अडकले?

१९८२ सालचा उन्हाळा. परळ, लालबाग, वरळी, भायखळा. एरवी भोंग्यावर जागं होणारं गिरणगाव गप्प होतं. गिरण्यांच्या गेटवर पोलिसांचा पहारा होता आणि आत साचे बंद पडले होते. अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर होते.

तरीही बाजारात कापड येत होतं. आणि तेही साधंसुधं नाही, मुंबईच्या गिरण्यांचा शिक्का मारलेलं कापड.

गिरणी बंद, कामगार घरी, मग हे कापड विणत कोण होतं?

उत्तर मुंबईपासून फार लांब नव्हतं. ते भिवंडीत होतं. आज ज्याला आपण आऊटसोर्सिंग म्हणतो, तेच त्या काळी गिरणीमालक यंत्रमागावर करत होते. मुंबईतल्या शेकडो कारखान्यांत मालकांना वाकवणारा एक डॉक्टर गिरण्यांत का अडकला, हे समजून घ्यायचं तर भिवंडीचा तो माग विसरून चालत नाही.

त्या डॉक्टरचं नाव दत्तात्रय सामंत. कामगारांसाठी फक्त डॉक्टर किंवा डॉक्टरसाहेब.

देवबागचा पोरगा डॉक्टर झाला

दत्ता सामंत यांचा जन्म २१ नोव्हेंबर १९३२ चा. गाव मालवण तालुक्यातलं देवबाग. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी आणि मधे जमिनीची चिंचोळी पट्टी. त्या काळी कोकणातल्या घरांतून एक तरी माणूस मुंबईला असायचा, आणि मुंबईला म्हणजे बहुतेक वेळा गिरणीतच. सामंत मुंबईला आले ते शिकायला. त्यांनी परळच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातून एमबीबीएस केलं. हे कॉलेज आणि केईएम हॉस्पिटल म्हणजे गिरणगावाच्या अगदी मधोमध.

पुढे त्यांनी घाटकोपरच्या पंतनगरमध्ये दवाखाना टाकला. आजूबाजूला वस्ती कामगारांची. त्यात दगडखाणीत राबणारेही बरेच होते. खाणीतलं काम म्हणजे धूळ, सुरुंग आणि अपघात. ना नोकरीची हमी, ना नुकसानभरपाई.

सामंतांच्या लक्षात आलं की आपण औषध देतोय, पण दुखणं दुसरीकडेच आहे. जो माणूस बरा होऊन पुन्हा त्याच खाणीत, त्याच पगारावर जाणार, तो महिनाभरात परत दवाखान्यात येणार. मग १९६० च्या दशकात त्यांनी खाणकामगारांची संघटना बांधली आणि डॉक्टरकी हळूहळू मागे पडली.

काँग्रेसचा आमदार, तरी आणीबाणीत तुरुंगात

सुरुवातीला सामंत काँग्रेसच्या इंटक या कामगार संघटनेत होते. १९७२ साली ते काँग्रेसच्या तिकिटावर विधानसभेत गेले.

पण इंटकचा बाज त्यांना मानवणारा नव्हता. तिथे वाटाघाटी, लवाद, कोर्ट या मार्गावर भर होता. सामंतांचा मार्ग सरळ होता. मागणी ठेवायची, आणि मालकाने ऐकलं नाही तर काम बंद. महिना लागो, वर्ष लागो, माघार नाही. १९७५ ला आणीबाणी लागली तेव्हा सरकार त्यांच्याच पक्षाचं होतं, तरी त्यांना अटक झाली.

१९७७ साली ते बाहेर आले आणि त्यांचा खरा काळ सुरू झाला. कुर्ला, विक्रोळी, भांडुप, ठाणे या पट्ट्यात तेव्हा इंजिनिअरिंग, औषध आणि केमिकलचे कारखाने जोरात होते. महागाई वाढत होती आणि जुन्या युनियनचे नेते दोन-पाच रुपयांच्या वाढीवर सही करून मोकळे होत होते. कारखान्यामागून कारखान्यातले कामगार जुना झेंडा उतरवून सामंतांकडे जाऊ लागले. प्रीमियर ऑटोमोबाईल्ससारख्या मोठ्या कंपनीतल्या यशानंतर त्यांचं नाव घरोघरी पोहोचलं.

त्यांची एक पद्धत विशेष गाजली. कंपन्या वाटाघाटीला बसल्या की ताळेबंद पुढे ठेवायच्या, नफा कुठे आहे असं विचारायच्या. सामंत त्या कागदांत शिरायला तयार नसायचे. कामगाराला जगायला किती लागतं, तेवढं द्या, हा त्यांचा हिशेब होता. कंपनीचं गणित कंपनीने बघावं.

टीकाकारांच्या मते ही दांडगाई होती. त्यांच्या आंदोलनांत हाणामाऱ्या झाल्या, खटले झाले, संघटनेत सगळे निर्णय एकाच माणसाभोवती फिरायचे, हे आरोप त्यांच्या हयातीतच होत होते. पण कामगाराला पगाराच्या पाकिटात फरक दिसत होता.

ही पद्धत चालत होती, कारण तिच्यामागे एक साधं सत्य होतं. मोटारीचा कारखाना बंद राहिला की मालकाचं रोज नुकसान होतं. त्याला कारखाना चालू हवा असतो. संप हे हत्यार चालतं ते याच एका गोष्टीवर.

गिरणी कामगार त्यांच्या दारात कसे आले?

गिरण्यांची गोष्ट वेगळी होती. तिथे एक कायदा आडवा येत होता, १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा.

या कायद्यानुसार एखाद्या भागातल्या पूर्ण उद्योगासाठी एकच प्रातिनिधिक युनियन मान्य व्हायची. वाटाघाटीचा हक्क तिलाच. मुंबईच्या गिरण्यांमध्ये हा मान राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. ही इंटकचीच संघटना. कामगारांना ती आवडो न आवडो, तिने केलेला करार सगळ्यांना लागू. दुसऱ्या कुणी संप केला तर तो बेकायदा.

त्यात पगार रखडलेले. एकेकाळी गिरणीतली नोकरी म्हणजे मुंबईतली चांगली नोकरी समजली जायची, पण १९८० पर्यंत नव्या कारखान्यांतले कामगार पुढे निघून गेले होते. सगळ्यात वाईट हाल बदली कामगारांचे. कायम कामगार गैरहजर असेल तरच त्याच्या जागी यांना काम. रोज गेटवर जायचं, नाव पुकारलं तर आत, नाहीतर घरी. अशी वर्षानुवर्षं काढलेले हजारो लोक होते.

१९८१ च्या दिवाळीत बोनसवरून ठिणगी पडली. मान्यताप्राप्त युनियनने केलेला करार कामगारांना पटला नाही. प्रभादेवीच्या स्टँडर्ड मिलमधले कामगार थेट घाटकोपरला सामंतांकडे गेले. त्याआधी एम्पायर डाइंगमध्ये त्यांनी मिळवून दिलेली वाढ गिरणगावात सगळ्यांच्या कानावर होती.

सामंत लगेच तयार झाले नाहीत. कापडधंद्याचा आपला अभ्यास नाही, हे त्यांना माहीत होतं. पण कामगार ठाण मांडून बसले. ऑक्टोबर १९८१ मध्ये आठ गिरण्यांत संप सुरू झाला. सामंतांना सावकाश जायचं होतं, कामगारांना सगळ्या गिरण्या एकदम बंद हव्या होत्या.

शेवटी १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या साठेक गिरण्यांमध्ये बेमुदत संप सुरू झाला. मागण्या होत्या भरीव पगारवाढ, घरभाडे भत्ता, रजा, बदली कामगारांना कायम करणं, आणि एकाच युनियनला मक्तेदारी देणारा तो कायदा रद्द करणं.

हत्यार तेच, पण समोरचा मालक वेगळा

सामंतांची पद्धत इथे पहिल्यांदाच अडखळली.

संप सुरू झाला तेव्हा कापडबाजारात मंदी होती आणि गिरण्यांच्या गोदामांत माल पडून होता. सुरुवातीचे महिने संप मालकांना जड गेला नाही. उलट साठा खपला आणि त्या काळातले पगारही वाचले.

त्यानंतर कामाला आली भिवंडी. मालेगाव आणि इचलकरंजीतही यंत्रमाग होते, पण मुंबईला सगळ्यात जवळची भिवंडी. हिशेब सोपा होता. गिरणी म्हणजे कायम कामगार, प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, रजा, कँटीन, युनियन. यंत्रमाग म्हणजे छोट्या शेडमध्ये चार-आठ माग, बारा तासांची पाळी आणि विणलेल्या मीटरवर मजुरी. कामगार बहुतेक बाहेरून आलेला, हजेरीपटावर नाव असेलच असं नाही. गिरणीने कापड तिथे विणून घ्यायचं आणि त्यावर आपला शिक्का मारून विकायचं.

हे संपामुळे सुरू झालं असं नाही. सरकारने कित्येक वर्षं छोट्या मागाला सवलती दिल्या होत्या आणि गिरण्यांच्या विस्तारावर बंधनं घातली होती. त्यामुळे संपाच्या आधीपासूनच विणकाम गिरणीतून बाहेर जात होतं. बऱ्याच मालकांनी नव्या यंत्रांत पैसा घालणं कधीच थांबवलं होतं. संपाने या घसरणीला जोर दिला.

कामगारांच्या बाजूने विचार केला तर यातला पेच लक्षात येतो. संप म्हणजे आमच्याशिवाय तुमचा माल निघणार नाही, असं मालकाला सांगणं. पण माल निघतच होता. संपावरच्या काही विणकरांनीही घर चालवायला यंत्रमागाची वाट धरली. म्हणजे काम तेच, हात तेच, पण मजुरी कमी आणि नोकरीचा कागद गायब.

गावाकडचं धान्य आणि दिल्लीची धास्ती

तरी संप टिकला, आणि नुसता टिकला नाही तर महिनोन् महिने एकसंध राहिला. त्याला कारण होतं गाव. हजारो कामगार कोकणात, साताऱ्याला, सांगली-कोल्हापूरकडे परत गेले. गावागावांतून संपकऱ्यांसाठी धान्य गोळा झालं. मुंबईत राहिलेल्यांना चाळीतल्या शेजाऱ्यांचा आणि उधारीचा आधार होता. गिरणगावातल्या खानावळी चालवणाऱ्या बायकांचीही घडी विस्कटली, कारण त्यांचे जेवणारेच संपावर होते.

पण पैसा संपत गेला. भांडी विकली, दागिने मोडले, मुलांच्या शाळा सुटल्या. काही गिरण्यांत थोडे कामगार परत गेले, तर काही ठिकाणी नवे भरले गेले.

दिल्लीत इंदिरा गांधींचं सरकार मागे हटायला तयार नव्हतं. सामंत जिंकले तर गोदी आणि बंदरातले कामगारही त्यांच्यामागे जातील, अशी धास्ती होती. शिवाय मान्यताप्राप्त युनियन काँग्रेसची. तिला बाजूला सारून सामंतांशी बोलणं म्हणजे आपल्याच संघटनेची कबर खणणं. त्यामुळे मालक म्हणत होते की आम्ही बोलू फक्त मान्यताप्राप्त युनियनशी, आणि कायदाही तेच म्हणत होता. ज्या माणसामागे सगळे कामगार उभे होते, त्याच्याशी बोलायलाच कुणी बसलं नाही.

सामंतांचीही इथे चूक झाली, असं त्यांच्याबद्दल आपुलकी असणारेही मानतात. कुठे थांबायचं, याचा आराखडा त्यांच्याकडे नव्हता. माघार न घेणं हीच त्यांची ओळख होती आणि त्या ओळखीनेच त्यांना बांधून ठेवलं. मालकाला कारखाना नकोच असेल तर काय करायचं, याचं उत्तर त्यांच्या आधीच्या लढ्यांतून मिळणारं नव्हतं.

संप कधी संपला, याची तारीख सांगता येत नाही. तो अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही. वर्ष-दीड वर्षात तो विरत गेला. एक लाखाहून जास्त कामगार पुन्हा कामावर गेले नाहीत. ऑक्टोबर १९८३ मध्ये केंद्राने मुंबईतल्या १३ गिरण्यांचा कारभार ताब्यात घेतला.

हरलेला नेता खासदार कसा झाला?

एवढं सगळं होऊन कामगारांनी सामंतांना दोष दिला असेल, असं कुणालाही वाटेल. पण १९८४ च्या डिसेंबरात लोकसभा निवडणूक झाली. इंदिरा गांधींच्या हत्येनंतरची ती निवडणूक, देशभर काँग्रेसची लाट. त्या लाटेत गिरणगावाच्या दक्षिण मध्य मुंबईतून दत्ता सामंत अपक्ष म्हणून निवडून आले.

नोकरी गेलेल्या माणसांनी त्यांना मत दिलं. संप फसला असेल, पण हा माणूस विकला गेला नाही, हे त्यांना ठाऊक होतं. १९८९ साली मात्र ते हरले आणि ती जागा शिवसेनेकडे गेली.

दरम्यान जून १९८५ मध्ये नवं कापड धोरण आलं. गिरणी आणि यंत्रमाग यांना एकाच मापाने मोजायचं ठरलं आणि न चालणाऱ्या गिरण्या बंद करायला वाट मोकळी झाली. संपात जे आडमार्गाने चाललं होतं, त्याला आता धोरणाचा आधार मिळाला.

कापडापेक्षा जमीन महाग

सामंतांच्या आयुष्याचा शेवटचा टप्पा फारसा सांगितला जात नाही. तो जमिनीचा आहे.

गिरण्या उभ्या होत्या मुंबईच्या ऐन मध्यावर. १९८० च्या दशकात या जमिनीचे भाव चढत गेले. आत चालणाऱ्या मागांपेक्षा खालची जमीन कितीतरी पटींनी मोलाची झाली. मग गिरणी चालवायची कशाला? पुनर्रचना, स्थलांतर, आजारी उद्योग, स्वेच्छानिवृत्ती असे शब्द ऐकू येऊ लागले. कामगारांसाठी त्यांचा अर्थ एकच होता, गेट बंद.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांसाठी ५८ वा नियम आला. जमीन विकसित करायची तर एक तृतीयांश भाग मोकळ्या जागेसाठी पालिकेला, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि एक तृतीयांश मालकाला. विक्रीच्या पैशातून कामगारांची देणी द्यायची आणि गिरणी सावरायची, असा हेतू सांगितला गेला.

जमीन विकण्याच्या या घाईला सामंत विरोध करत राहिले. बंद गिरण्यांच्या कामगारांसाठी दत्ता इस्वलकर यांची संघर्ष समितीही त्याच काळात उभी राहिली होती. वाटा वेगळ्या, पण प्रश्न एकच. या जमिनीवर चार पिढ्यांनी घाम गाळला, तर तिच्या किमतीत त्यांचा वाटा किती?

आता या भांडणात गुंडही उतरले होते. कोट्यवधींची जमीन म्हटल्यावर मुंबईचं अंडरवर्ल्ड लांब राहणार नव्हतं. मे १९९४ मध्ये खटाव मिलचे मालक सुनीत खटाव यांची महालक्ष्मीजवळ भररस्त्यात गोळ्या घालून हत्या झाली. त्यांच्या भायखळ्याच्या गिरणीची जागा विकून गिरणी दुसरीकडे हलवण्याचा विषय तेव्हा गाजत होता.

१६ जानेवारी १९९७

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास सामंत पवईच्या घरातून पंतनगरच्या कार्यालयाकडे निघाले. त्यांची टाटा सुमो घरापासून जेमतेम ५० मीटरवर पोहोचली असेल, तेवढ्यात मोटारसायकलवरून आलेल्यांनी ती अडवली. चार हल्लेखोर, दोन पिस्तुलं, १७ गोळ्या.

सामंत वाचले नाहीत. ते ६४ वर्षांचे होते. गिरणी संपाला १५ वर्षं पूर्ण व्हायला दोन दिवस बाकी होते.

अंत्ययात्रेला कामगारांची रीघ लागली. हल्ला भाडोत्री मारेकऱ्यांनी केल्याचं पोलिस म्हणाले, आणि त्यांच्यामागे कोण, यावर पुढे वर्षानुवर्षं चर्चा, अटका आणि खटले चालले. या खटल्यातून २०२३ मध्ये विशेष न्यायालयाने छोटा राजनची निर्दोष मुक्तता केली.

मग उरलं काय?

२००१ मध्ये ५८ व्या नियमात बदल झाला. एक तृतीयांशाची वाटणी आता पूर्ण जमिनीची राहिली नाही, फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेची झाली. म्हणजे पालिकेच्या आणि म्हाडाच्या वाट्याला येणारी जमीन एकदम आटली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हा बदल मान्य केला. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या जागी आज मॉल आहे, हे मुंबईत नव्याने आलेल्यालाही माहीत असतं. तिथे कधी माग चालायचे, हे मात्र सांगावं लागतं.

भिवंडीतही विणकराचं भलं झालं असं नाही. तिथलं काम आजही मीटरवर आणि पाळीवर चालतं. गिरणीतल्या कायम कामगाराच्या जागी आलेल्या माणसाच्या हाती प्रॉव्हिडंट फंडाचा कागद अजून क्वचितच दिसतो.

गिरण्या सामंतांनी बुडवल्या, असं बोलायची मुंबईत एक सवय आहे. संप लांबला, माघारीची वाट नव्हती, त्याची जबाबदारी त्यांच्यावर येतेच. पण विणकाम संपाआधीच बाहेर जात होतं, यंत्रं जुनी झाली होती आणि जमिनीचा भाव सामंतांनी चढवला नव्हता. ते लढले पगारासाठी, आणि त्यांच्या पायाखालून कारखानाच सरकत होता. कंत्राटी कामगार, बाहेर दिलेलं काम, स्थलांतराच्या नोटिसा यांच्याशी झगडणाऱ्या प्रत्येक युनियनसमोर आज तोच पेच आहे. मालकाला आपलं काम हवंय, पण आपण नकोय, अशा वेळी काम बंद करून काय साधणार?

गिरणी कामगारांच्या घरांची म्हाडाची पहिली मोठी सोडत निघाली २०१२ मध्ये. संपाला तेव्हा ३० वर्षं झाली होती. ज्यांच्या नावाने अर्ज होते, त्यातले कितीतरी जण तोवर गेले होते. त्यांची मुलं आणि सुना अजूनही कागद घेऊन आझाद मैदानावर येतात, मोर्चे काढतात आणि घराच्या यादीत नाव कधी लागणार, ते विचारतात.